खराडीवरून सुखोई पण जातं आणि इंडिगो पण, मग दोघांत एवढा फरक का? आणि त्याचा तुमच्या बिल्डिंगच्या उंचीशी काय संबंध?

खराडीतल्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य बोललं जातं? उत्तर येईल, "एक मिनिट हं, विमान जातंय." समोरचा माणूस बंगळुरूचा किंवा लंडनचा असेल तर त्याला वाटतं, हा विमानतळावर बसूनच लॉगिन झालाय की काय.

पण त्याला हे माहीत नसतं की खराडीत "विमान जातंय" या दोन शब्दांत बऱ्याच गोष्टी येतात. सकाळी इऑन आयटी पार्कच्या काचेतून इंडिगोचं एअरबस दिसतं. थोड्या वेळानं सुखोईची जोडी कानठळ्या बसवत निघून जाते. मधेच पुढं मोठे पंखे लावलेलं एखादं छोटं विमान सावकाश उतरताना दिसतं, आणि कधीतरी एखादं हेलिकॉप्टर फडफड करत जातं. जगातल्या बहुतेक शहरांत प्रवासी विमानतळ एकीकडे आणि लढाऊ विमानांचा तळ दुसरीकडे असतो. पुण्यात दोघांचं भागतं एकाच धावपट्टीवर.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान मेघाणीनगरमधल्या मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर कोसळलं आणि २६० जणांचा जीव गेला. त्यातले १९ जण विमानात नव्हतेच, ते जमिनीवर होते. तेव्हापासून विमाननगर, खराडी, धानोरी, लोहगाव या भागातला माणूस आवाज आला की आधी वर बघतो. हे विमान इतक्या खालून का जातंय? सुखोईला एवढा आवाज का? आणि समोर तीस मजली टॉवर उभा राहतोय, त्याला परवानगी कशी मिळाली?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं विमानाच्या आकारापासून सुरू होतात.

आधी हे सगळं एका जागी आलं कसं?

लोहगावचा तळ १९३९ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईला हवाई संरक्षण द्यायचं म्हणून ब्रिटिशांनी तो उभारला. मॉस्किटो, वेलिंग्टन, स्पिटफायर अशी त्या काळातली नावाजलेली विमानं इथं होती. १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला. १९९७ मध्ये रशियाकडून आलेली पहिली सुखोई इथंच दाखल झाली आणि २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआयची पहिली स्क्वाड्रन सुद्धा इथंच उभी राहिली. राष्ट्रपती असताना डॉ. अब्दुल कलाम २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील २००९ मध्ये ज्या सुखोईत बसल्या, ती दोन्ही उड्डाणं याच लोहगावची.

म्हणजे पुण्याचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी टर्मिनल हे त्यातलं भाड्याच्या खोलीसारखं प्रकरण. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, चकाचक झालं, पण धावपट्टी आणि तिचं वेळापत्रक हवाई दलाच्या हातात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी पुण्याची सगळी प्रवासी विमानं दोन आठवडे बंद होती, ती याचमुळं. दुसरी धावपट्टीच नाही.

पंख सारखंच वजन उचलतात, पण...

आता सुखोई आणि एअरबस ए-३२० शेजारी शेजारी ठेवा. सुखोईच्या पंखांचा पसारा १४.७ मीटर आणि एअरबसचा जवळपास ३६ मीटर. सुखोई भरून भरून ३८.८ टनांचं होतं, एअरबस ७८-७९ टनांचं. बघणाऱ्याला वाटतं, सुखोईचे पंख अगदीच छोटे.

गंमत म्हणजे हिशोब केला तर पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर येणारा भार दोघांचा जवळपास सारखाच निघतो, सव्वासहाशे ते साडेसहाशे किलोच्या आसपास. वेगळा आहे तो आकार. एअरबसचा पंख लांब आणि चिंचोळा, सुखोईचा आखूड आणि रुंद.

पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो आणि वर कमी. त्यामुळं पंखाच्या टोकाला खालची हवा वर निसटते आणि तिथं भोवरे तयार होतात. हे भोवरे विमानाला मागं ओढतात आणि इंधन खातात. पंख जितका लांब आणि चिंचोळा, तितका हा तोटा कमी. एअरबसच्या पंखाची टोकं वर वळलेली असतात, तीही यासाठीच. रोज पुणे-दिल्ली करणाऱ्या कंपनीला तिकिटाच्या पैशात इंधन भागवायचं असतं, त्यामुळं तिच्यासाठी हा पंख म्हणजे धंदा.

सुखोईला असला हिशोब परवडत नाही. त्याला क्षणात कलंडायचं असतं, वळायचं असतं, शत्रूच्या क्षेपणास्त्रापासून निसटायचं असतं. वळताना विमानावर त्याच्या वजनाच्या नऊपट जोर येऊ शकतो. प्रवासी विमानाची रचना साधारण अडीच पटीसाठी केलेली असते. लांब पंखावर नऊपट जोर टाकला तर तो मुळाशी मोडेल. म्हणून आखूड, रुंद, दणकट.

अजून एक फरक डोळ्यांना दिसत नाही. एअरबसला धक्का बसला की ते आपोआप सरळ व्हायला बघतं, कारण ते तसंच बनवलेलं असतं. सुखोई मुद्दाम थोडं अस्थिर ठेवलेलं आहे. सरळ राहायला ते तयारच नसतं, संगणक सेकंदाला अनेक वेळा त्याला सावरत असतो. सायकल स्थिर असेल तर वळायला जोर लावावा लागतो, डगमगती असेल तर नुसतं झुकलं तरी वळते, तसंच. त्यामुळं सुखोई चपळ होतं, पण सावरणारी यंत्रणा गेली की वैमानिकाकडं फार वेळ उरत नाही. मग उरते ती इजेक्शन सीट. १४ ऑक्टोबर २०१४ ला पुण्याजवळ थेऊरला सुखोई पडलं तेव्हा दोन्ही वैमानिक असेच बाहेर फेकले गेले आणि वाचले. त्यानंतर हवाई दलानं सुखोईचा सगळा ताफा तपासणीसाठी जमिनीवर ठेवला होता.

प्रवासी विमानात इजेक्शन सीट नसते, त्यामुळं तिथं सगळी सुरक्षा आधीच विमानात बांधून ठेवावी लागते. दोन्ही इंजिनं बंद पडली तरी एअरबस दगडासारखं खाली येत नाही, एक किलोमीटर उंची गमावताना पंधरा किलोमीटरच्या आसपास पुढं सरकतं. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेलेलं ए-३२० हडसन नदीवर उतरलं आणि विमानातले सगळे १५५ जण वाचले. पण त्यासाठी हातात थोडी तरी उंची लागते. अहमदाबादच्या विमानाचं इंधन उड्डाणानंतर काही सेकंदांतच तुटलं, असं प्राथमिक अहवाल सांगतो. तिथं पुढं सरकायला उंचीच नव्हती.

सुखोईचा आवाज एवढा का?

कारण इंजिनाचं काम वेगळं. एअरबसच्या इंजिनासमोर उभं राहिलं तर मोठा पंखा दिसतो. आत येणाऱ्या हवेचा मोठा भाग पेटणाऱ्या गाभ्यातून जातच नाही, बाजूनं ढकलला जातो. ए-३२० निओच्या इंजिनात एक किलो हवा गाभ्यातून गेली तर अकरा-बारा किलो बाजूनं जाते. म्हणजे भरपूर हवा, कमी वेगानं. सुखोईच्या इंजिनात हेच प्रमाण एकास जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोचं आहे. थोडी हवा, पण प्रचंड वेगानं. शिवाय उड्डाणाच्या वेळी मागच्या नळीत पुन्हा इंधन पेटवतात, ती शेपटीतली ज्वाळा.

१९५२ मध्ये जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञानं दाखवून दिलं की जेटचा आवाज त्या झोताच्या वेगाच्या आठव्या घातानं वाढतो. म्हणजे झोताचा वेग दुप्पट झाला तर आवाजाची ताकद २५६ पट. खराडीतल्या काचा का थरथरतात, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. सुखोईला कमी आवाजाचं इंजिन बसवा, अशी मागणी अधूनमधून सोशल मीडियावर दिसते. पण मोठ्या पंख्याचं इंजिन लावलं तर ते लढाऊ विमान राहणारच नाही.

आणि ते पंखेवालं छोटं विमान?

ते एटीआर-७२. सत्तरेक माणसं बसतात. लोकांना वाटतं हे जुनाट विमान आहे, तिकीट काढून बसल्यावर पंखा दिसला की थोडी धाकधूक होते. पण या विमानाच्या आतसुद्धा जेटसारखंच टर्बाइन असतं, फक्त त्याची ताकद बाहेरचा सहा पात्यांचा पंखा फिरवायला वापरतात. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, एअरबसच्या ८०० च्या वर असलेल्या वेगापुढं कमीच. पण दोन-तीनशे किलोमीटरच्या प्रवासात तो फरक दहा-पंधरा मिनिटांचा, आणि इंधन मात्र खूप वाचतं.

गोव्याच्या फ्लाय ९१ कंपनीनं २०२४ मध्ये पुण्याहून सिंधुदुर्ग आणि जळगावला याच विमानानं सेवा सुरू केली. जळगावची धावपट्टी सतराशे मीटरच्या आसपास आहे. भरलेल्या एअरबसला ती पुरणार नाही, एटीआरला आरामात पुरते. महाराष्ट्रातल्या लहान शहरांना विमान मिळणार की नाही, हे बऱ्याचदा असं विमान कुणाकडं आहे यावर ठरतं. एक तोटा मात्र आहे. हे विमान २५ हजार फुटांच्या वर जात नाही, त्यामुळं पावसाळ्यात ढगांवरून जाण्याऐवजी ढगांतूनच जावं लागतं. हिंदोळे बसतात ते म्हणून.

हेलिकॉप्टर: सगळं जमतं, पण सगळं थोडं थोडं

हेलिकॉप्टरचे पंख म्हणजेच वर फिरणारी पाती. विमानाला उचल मिळवायला स्वतः पळावं लागतं, हेलिकॉप्टर जागेवर राहून पंख पळवतं. त्यामुळं ते हवेत थांबू शकतं, शाळेच्या मैदानावर उतरू शकतं, छतावरून माणूस दोरीनं वर ओढू शकतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं पाठवली होती. तिथं सुखोईचा आणि एअरबसचा काही उपयोग नव्हता.

पण याची किंमत आहे. पुढं जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याच्या दिशेनं धावतं आणि दुसऱ्या बाजूचं उलट. वेग वाढवत नेला की मागं जाणाऱ्या पात्याला हवाच मिळेनाशी होते आणि त्या बाजूची उचल संपते. म्हणून नेहमीच्या हेलिकॉप्टरच्या वेगाचा विक्रम अजूनही १९८६ चा आहे, ताशी ४००.८७ किलोमीटर. त्या वेळचं ब्रिटिश लिंक्स होतं ते. इंजिन बंद पडलं तर पाती खालून येणाऱ्या हवेवर फिरत राहतात आणि कुशल वैमानिक हेलिकॉप्टर उतरवू शकतो, हे खरं. पण त्यासाठीही उंची आणि खाली मोकळी जागा हवी.

पुणेकरांना हे २०२४ मध्ये जवळून दिसलं. २४ ऑगस्टला मुंबईहून हैदराबादकडं निघालेलं हेलिकॉप्टर पौडजवळ कोसळलं, त्यातले चौघंही वाचले. २ ऑक्टोबरला सकाळी धुक्यात बावधनहून जुहूकडं निघालेलं हेलिकॉप्टर काही मिनिटांतच पडलं आणि आतल्या तिघांचा मृत्यू झाला. दोन्ही घटना मुळशीच्या बाजूच्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या. मोठं विमान ३० हजार फुटांवरून डोंगर ओलांडतं, हेलिकॉप्टर बऱ्याचदा ढगांच्या खालून, डोंगरांच्या मधून, डोळ्यांना जमीन दिसते या भरवशावर जातं. धुकं आलं की तो भरवसा संपतो.

आता मूळ भानगड: धावपट्टी

लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर. सुखोईला उड्डाणासाठी, बनवणाऱ्यांच्या आकड्यांनुसार, साधारण ५५० मीटर पुरतात आणि उतरताना ते मागं पॅराशूट उघडून थांबतं. म्हणजे ज्यांच्या हातात धावपट्टी आहे, त्यांना ती लांब असण्याची फारशी गरज नाही. गरज आहे ती भाड्याच्या खोलीतल्या मंडळींना.

पूर्ण भरलेल्या ए-३२० ला समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानात, २,१०० मीटरच्या आसपास धावपट्टी लागते. आता लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच. त्यात एप्रिलची दुपार, ४० अंश. गरम हवा विरळ, उंचावरची हवा आणखी विरळ. हिशोब केला तर त्या दुपारी पुण्याची हवा १५ अंशांच्या समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के पातळ भरते. पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी, आणि पळावं लागतं जास्त. मग काही वेळा वजनच कमी करावं लागतं: आधी माल, नाहीतर इंधन, नाहीतर प्रवासी.

पुण्यातून युरोप-अमेरिकेला थेट विमान का नाही, हा दर दिवाळीला विचारला जाणारा प्रश्न इथंच अडतो. लांब पल्ला म्हणजे ढीगभर इंधन, म्हणजे मोठं विमान, म्हणजे तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब धावपट्टी. २००८ मध्ये लुफ्तान्झानं पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली होती, पण ती लहान विमानात मोजक्याच सीट ठेवून. धावपट्टी सुमारे ८०० मीटरनं वाढवायचा प्रस्ताव आहे, त्याची चर्चा कित्येक वर्षं सुरू आहे आणि गाडी जमीन मिळवण्यावर येऊन थांबते. कारण धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आता शहर आहे.

मग बिल्डिंगचा काय संबंध?

इथं एक नियम समजून घ्यायला हवा. प्रवासी विमान धावपट्टीवर एका ठराविक वेगाच्या पुढं गेल्यावर एक इंजिन बंद पडलं, तरी दुसऱ्या इंजिनावर त्यानं उडून समोरचे अडथळे ओलांडले पाहिजेत. प्रत्येक उड्डाणाचं वजन हे गृहीत धरून ठरवतात. म्हणजे उड्डाणाच्या वाटेत एखादी इमारत, मोबाइल टॉवर किंवा क्रेन उंच झाली, की तिला एका इंजिनावर ओलांडण्यासाठी विमानाला वजन कमी करावं लागतं. एका टॉवरचे वरचे चार मजले कुणाच्या तरी तिकिटातून वसूल होऊ शकतात.

म्हणून विमानतळाभोवती हवेत न दिसणारं छप्पर आखलेलं असतं. नागरी विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मोठ्या धावपट्टीच्या आसपास चार किलोमीटरपर्यंत हे छप्पर विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर असतं. त्यापुढं ते दर वीस मीटरला एक मीटर या चढानं वर जातं. धावपट्टीच्या टोकांच्या समोर नियम याहून कडक. पुण्यात विमानतळ हवाई दलाचा असल्यानं ना-हरकत हवाई दलाकडून घ्यावी लागते.

आणि इथंच लोकांची फसगत होते. ही उंची मजल्यांत मोजत नाहीत, जमिनीपासूनही नाही. ती मोजतात समुद्रसपाटीपासून. ५९२ अधिक ४५, म्हणजे सुमारे ६३७ मीटर. लोहगाव पठारावर आहे, खराडी मुळा-मुठेच्या काठाकडं उतरत जाते. समजा नदीजवळचा एखादा प्लॉट ५५० मीटरवर असेल, तर त्याला त्याच छपराखाली ८७ मीटर मिळतात, आणि लोहगावात विमानतळाच्याच पातळीवर असलेल्याला फक्त ४५. म्हणून "आम्हाला बारा मजले आणि त्यांना पंचवीस, नक्कीच सेटिंग झालंय" हे दरवेळी खरं नसतं. बिल्डरनं टॉवर कसा रेटला हे तपासायचं असेल तर ना-हरकत पत्रातला समुद्रसपाटीपासूनचा आकडा बघायचा. फ्लॅट घेताना हा कागद मागणारे फार कमी असतात.

पण या नियमात एक मोठी उणीव आहे. इमारतीमुळं विमानाला धोका होऊ नये, एवढंच तो बघतो. विमानामुळं इमारतीतल्या माणसांना धोका होऊ नये, हा त्याचा विषयच नाही. मेघाणीनगरचं होस्टेल काही उंच नव्हतं. ब्रिटनमध्ये धावपट्टीच्या टोकांना सार्वजनिक सुरक्षा क्षेत्र आखतात आणि तिथं जास्त माणसं जमतील अशी नवी बांधकामं होऊ देत नाहीत. अहमदाबादनंतर आपल्याकडं केंद्रानं नवे मसुदा नियम आणले, पण तेही विमानाच्या वाटेतले अडथळे पाडण्याबद्दलचे. पुण्यात धावपट्टीच्या टोकाशी किती लोक राहावेत, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही, आणि घरं तर बांधून झालीत.

पुरंदरला गेलं की सुटेल?

सरकारचं उत्तर पुरंदरचा नवा विमानतळ हे आहे. २०१६ पासून त्याची घोषणा झालेली आहे. त्यासाठी कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांची सुमारे तीन हजार एकर जमीन लागणार आहे. हा अंजीर आणि सीताफळाचा पट्टा. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी इथं गावकरी आणि पोलिसांत झटापट झाली होती. खराडीतल्या माणसाला फ्रँकफर्टचं थेट विमान मिळण्याचा रस्ता या बागांमधून जातो, हे मीटिंगमध्ये म्यूट दाबताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणि पुरंदर उद्या सुरू झालं तरी तिकडं जातील ती एअरबस आणि मोठी विमानं. लोहगावचा तळ हवाई दलाचाच राहणार, सुखोई तिथंच राहणार, आणि खराडीवरचं ६३७ मीटरचं ते न दिसणारं छप्परही.